उरलेली अर्धी बाटली

तपासणीच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. नर्स कागद घेऊन आली.

“काका, पोट साफ व्हायचं औषध पूर्ण प्यायलात ना?”

“अर्धी बाटली.”

“आणि उरलेलं?”

“ही प्यायली.”

“काकू, तुम्ही?”

“चाळीस वर्षं यांचं उरलंसुरलं मीच संपवते. टाकवत नाही.”

“अहो, आतडं साफ नसेल तर नळी घालून डॉक्टरांना दिसणार काय? आता उद्या या. पुन्हा अख्खी बाटली, आणि काकूंना द्यायची नाही.”

नर्स गेली.

“तीन वर्षं पोट छळतंय, आज सोक्षमोक्ष लागला असता. मी संपवतच होतो, तूच बाटली ओढून घेतलीस.”

“मला आज काही कळायला नको होतं.”

“आणि उद्या?”

“उद्याचं उद्या. बाजूला व्हा, मला परत संडासला जायचंय.”