लाखोरीवरचा आळ

दामिनी: एवढासाच भात? अन् दाळ कुठं हाये, आई?

शेवंताबाई: सांजच्याले हलकंच बरं. शेजारच्या उषाबाईचा भाऊ सांगून गेला ना, नसाच्या बिमारीत दाळ, दही, वांगं चालत नाही.

दामिनी: तो साकोलीले पंक्चर काढते! आता मल्टिपल स्क्लेरोसिसवर बी इलाज सांगते? माह्या नसा का सायकलची ट्यूब होयेत?

शेवंताबाई: हास तू. कोनाचा गुन कुठून येईल, सांगता येते का?

दामिनी: नागपूरच्या डॉक्टरीनबाई काय बोलल्या? बिमारी आपल्या जागी, पन पोटभर न खाऊन तू अजून वाळून राहिली. सोमवारी मले शाळेत हजर व्हायचं हाये. वॉकर धरून पोरांपुढं उभं राहाले जोर पायजे ना?

शेवंताबाई: अंडे उकडून देतो. पन दाळ नाही.

दामिनी: दाळीनं तुह्यं काय बिघडवलं? घरची लाखोरीची दाळ बी लोकायले देऊन टाकली. बाबा वड्यासाठी तरसून राहिले.

शेवंताबाई: नाव नको काढू तिचं!

दामिनी: काहून? आई... रडून राहिली काय तू?

शेवंताबाई: माह्या माहेरी लाखोरी खाऊन मानसं पांगळी झालती. म्या डोयानं पाह्यलं. तरी धान बुडालं त्या साली दोनी टाइम तुले तिचीच दाळ चारली. लहानशी होती तू. तुह्ये पाय म्याच नेले, दामिनी.

दामिनी: म्हून मले भुकी ठेवून राहिली?

शेवंताबाई: भेव वाटते व माय.

दामिनी: आयक. हे मले बी सुचलं होतं. मी डॉक्टरीनबाईले सरळ इचारलं. त्या म्हने, लाखोरीनं पांगळं होनं अलग, हे अलग. माह्या अंगातले राखनदारच माह्या नसा कुरतडून राहिले. त्यात तुह्या हाताचा काही दोष नाही.

शेवंताबाई: मंग मले काहून नाही सांगतलं?

दामिनी: तू हे मनात धरून बसली, मले का मालूम! त्या साली दुसरं काय होतं घरात?

शेवंताबाई: काहीच नाही.

दामिनी: मंग तिच्यानंच वाचली ना मी? तूच वाचवली.

शेवंताबाई: (पदरानं डोळे पुसत) तुरीची लावतो कुकरात. दम धरशील?

दामिनी: धरते. अन् दोघींपुरती लाव. तू बी दोन सालापासून, माही बिमारी निघाली तवापासून, दाळ सोडली, मले दिसत नाही काय?