दोन डाव्या बाह्या

(शिंपीकामाच्या दुकानाची मागची खोली. जेवणाची सुट्टी, मशीन बंद. कापायच्या लांब टेबलावर चौकड्यांचं लोकरी कापड. माणसं तीन: दुकानाचे मालक मास्तर, काज-बटणं करणाऱ्या मावशी, आणि बाळंतपणाच्या रजेनंतर आजच कामावर आलेली कापणारी, जिला सगळे कात्री म्हणतात.)

कात्री: नाही मास्तर, आधी हे बघा. मग डबा उघडा.

मास्तर: बघितलं. बाही आहे. सुरेख कापलीयस.

कात्री: आणि ही?

मास्तर: हीपण बाही. हीपण सुरेख.

कात्री: दोन्ही डाव्या आहेत.

मास्तर: अगं हो की. मावशी, हा कोट शिवायला टाकलाय त्या डॉक्टरीणबाईंना उजवा हात आहे का हो?

मावशी: मागच्या खेपेला तरी होता.

कात्री: थट्टा नको, पाया पडते. चौकडी जुळायला हवी म्हणून कापड एकेरी पसरलं. एक बाही कापली, आणि दुसरीच्या वेळी बाहीच्या मापाचा पुठ्ठा उलटवायचाच राहिला. कापड बाईंनी स्वतः हौसेनं आणलेलं. आता काय तोंड दाखवू?

मास्तर: लक्ष कुठे होतं?

कात्री: दारात.

मावशी: कुठल्या दारात गं?

कात्री: आमच्या. सकाळी निघाले तर पोरगी रडली नाही. आठवडाभर मनाची तयारी केली होती, की ती रडेल, मी रडेन, मग पाठ फिरवून निघेन. आणि ही बया आजीच्या कडेवरून टकामका बघत राहिली. रडली असती तर बरं वाटलं असतं.

मास्तर: तिला वाटलं असेल, गेली बाई एकदाची, आता जरा शांतता.

मावशी: मास्तर, घास गिळा आधी.

कात्री: हसा. पण माझं ठरलंय. उद्यापासून मी येत नाही. इथं आले की जीव घरात, आणि घरी होते तेव्हा बोटं नुसती शिवशिवायची. दोन्हीकडे अर्धीमुर्धी. त्यापेक्षा एकीकडे तरी धड राहीन.

मावशी: घरी फोन केलास का?

कात्री: केला. सासूबाई म्हणाल्या, इथं माझं राज्य आहे, तू तुझं बघ. मग हळूच म्हणाल्या... माझा कालचा गाऊन त्यांनी मला धुवायला टाकूच दिला नव्हता. मला वाटलं, साबण वाचवतायत. तोच पोरीच्या कुशीत दिलाय. त्यात नाक खुपसून झोपलीय म्हणे.

मावशी: बघ. आणि तू त्यांना मनात काय काय म्हणाली असशील.

कात्री: बरंच. मास्तर, तुम्हाला हसू कसलं येतंय?

मास्तर: मावशी, तुम्ही सांगता की मी सांगू?

मावशी: तुम्हीच सांगा. सकाळपासून तुमच्या पोटात मावत नाहीये.

मास्तर: ते कपाट उघड. वरचा खण.

कात्री: हे... हेच कापड. अखंड आहे हे.

मास्तर: ते डॉक्टरीणबाईंचं. तू कापलंस ते माझं. त्याच ताग्यातून आणवलं होतं.

कात्री: म्हणजे सकाळपासून मी...

मास्तर: सकाळपासून तू माझ्या कापडाची वाट लावतेयस. झकास लावलीस.

कात्री: आणि मला घाम फुटला तो?

मास्तर: तो तुझा स्वतःचा.

मावशी: माझ्यावर डोळे नको वटारूस. माझा धाकटा झाला, मी परत आले, आणि सदऱ्याच्या दोन्ही पट्ट्यांना काजंच करून ठेवली. बटणाला जागाच नाही. तेव्हा यांच्या आई दुकान बघायच्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, घरचंच कापड होतं. बाळ मागे ठेवून आलेल्या बाईला पहिल्या दिवशी गिऱ्हाइकाचं कापड मी देत नाही.

मास्तर: आणि तो सदरा मला घातला. सगळा मोसम नाडी ओवून हिंडलो.

कात्री: मग मला सकाळीच सांगायचं होतं.

मास्तर: सांगितलं असतं तर आज चुकली नसतीस. उद्या चुकली असतीस, बाईंच्या कापडावर. रडायला लागलीस की सांगू म्हटलं. तर तू रडेचनास. लेकीसारखीच.

कात्री: आता येतंय.

मावशी: येऊ दे. फक्त टेबलापासून लांब. लोकर आहे.

कात्री: मास्तर, तुमच्या आई असत्या तर त्यांना मिठीच मारली असती.

मास्तर: तिनं आधी विचारलं असतं, बाह्या कुठायत. आण इकडे. हं. या दोन डाव्यांतून एक इवलासा कोट निघतो.

कात्री: लोकर टोचेल तिला.

मास्तर: आतून मऊ अस्तर लावू. उद्या येऊन तूच काप.

कात्री: येते.

मास्तर: पुठ्ठा उलटवून.

कात्री: उलटवून.

मास्तर: मग आजच माप सांगून ठेव.

मावशी: घे, टेप घे.

कात्री: टेप कशाला? छाती माझ्या दोन विती, वर दोन बोटं. हात माझ्या मनगटापासून या बोटाच्या टोकापर्यंत.

मास्तर: एवढाच धरू?

कात्री: जरा सैल धरा. हे सकाळचं माप आहे.