बन्सी आणि दारातली बादली

आदरणीय अध्यक्ष आणि आमचे गुरुवर्य सुदर्शन सर, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, पहिल्या रांगेत संकोचून बसलेल्या, कडुबामामांच्या पत्नी पारूबाई मावशी, सहकारी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

आपल्या संगणकशास्त्र विभागाचे प्रयोगशाळा परिचर कडुबामामा एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर आज निवृत्त होत आहेत. त्यांच्या वक्तशीरपणावर पुष्कळ बोलून झालं. मला मात्र एक राहिलेलं बोलायचंय. मामा, मान खाली घालू नका. ती पाळी आज माझी आहे.

२०१३चा उन्हाळा आठवतो? पुंडलिकनगरात आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. विभागामागे आज दिसतात त्या इमारती नव्हत्या. उघडा माळ होता आणि मामांनी लावलेली लिंबाची सात रोपं. पेल्यात उरलेलं घोटभर पाणीसुद्धा कुणी फेकायचं नाही, प्रयोगशाळेच्या दारातल्या बादलीत ओतायचं, हा मामांचा नियम. ते पाणी रोपांना जायचं.

मी तेव्हा संशोधक विद्यार्थिनी होते. जेवणाच्या डब्याएवढा माझा रोबो. मामांनी त्याचं नाव ठेवलं बन्सी. त्यानं खोल्याखोल्यांतलं तापमान मोजत फिरायचं आणि संध्याकाळी बॅटरी उतरली की कुणी न सांगता चार्जिंगच्या जागी परतायचं. ‘चाळीस दिवस, माणसाचा हात न लागता’ हे माझ्या प्रबंधातलं सगळ्यात अभिमानाचं वाक्य. प्रबंध द्यायला आठ दिवस उरले होते.

तेवढ्यात मामा दोन दिवस भाचीच्या लग्नाला फुलंब्रीला गेले. दोन्ही सकाळी बन्सी बादलीला टेकून निपचित पडलेला. मामा परतल्यावर मी कुरकुरले, तर म्हणाले, "रोज तिथंच तर अडकतंय ते. घरी जाताना मी उचलून जाग्यावर ठिवतो."

"रोज? कधीपासून?"

"बादली ठिवली तवापासून."

बन्सीला दिलेल्या नकाशात बादली नव्हतीच. नकाशा केला तेव्हा दुष्काळ कुठं होता?

"तुम्हाला हात लावायला सांगितलं कुणी?" मी सगळ्यांसमोर ओरडले.

मामा हळूच म्हणाले, "दमून दारात पडलेलं टाकून जाववत नाय, मॅडम." मग म्हणाले, "मी कुणाला नाय सांगणार."

खोटं कशाला बोलू? क्षणभर मोह झाला. पण माझे मार्गदर्शक सुदर्शन सर, त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. सर म्हणाले, "प्रेरणा, आकडे खोड. पुन्हा चालव." मामांनी विचारलं, "बादली हलवू का?" सर हसले, "राहू दे. जगात बादल्या असायच्याच."

नकाशात नसलेल्या अडथळ्याला वळसा घालायला बन्सीला शिकवण्यात एक वर्ष गेलं. पुढचा उन्हाळाही कोरडाच. एका संध्याकाळी बन्सी बादलीपाशी आला, अडला, मागं सरला, पुन्हा अडला. मामा दारात दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभे. शेवटी बन्सीनं वळसा घातला आणि आपल्या जागी पोहोचला. मामांनी कपाळ पुसलं. "हात बांधून उभं राहणं लई अवघड असतं बघा."

माझा प्रबंध खरा ठरला, तो त्या बांधलेल्या हातांमुळे. ऋणनिर्देशात मात्र मी त्यांचं नाव लिहिलं नाही, आणि त्या ओरडण्याची माफीही आजवर मागितली नाही. मामा, आज मागते.

अध्यक्षांनी बोलण्याची संधी दिली, तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या.

आणि मामा, त्या टेबलावर बन्सी ठेवलाय. बॅटरी कधीच संपलीय त्याची. सरांची परवानगी घेतलीय. आज उचला, घरी न्या.