आमचं टपाल आमच्या दारातून

मुलगा: एक्केचाळीस हजार, आई! काल दुकान बंद होतं आणि बंद दुकानातून एक्केचाळीस हजार पत्रं बाहेर गेली.

मी: कोणाला गेली?

मुलगा: साऱ्या जगाला! टकलावर केस उगवायचं औषध, लॉटरी लागल्याच्या थापा, काय काय त्यात. आणि सगळी आपल्या दारातून. आपल्या, बूट शिवणाऱ्यांच्या!

मी: आधी आवाज खाली घे. मी पायांनी अधू माणसांचे बूट शिवते, कानांनी अधू नाही झाले अजून. सूनबाई, तू सांग. सरळ सांग.

सून: आई, गुरुवारी आपण त्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून आपला स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला ना...

मी: तू केलास. मी फक्त त्याची धूळ पुसली.

सून: त्यात एक ओळ असते. कोणाकोणाचं टपाल आपण पुढे पोचवायचं, ते तिथं लिहायचं असतं. मी तिथं 'सगळ्यांचं' लिहिलं. रिकामटेकडे लोक असं उघडं दार शोधतच फिरत असतात. त्यांना सापडलं.

मुलगा: 'सगळ्यांचं' लिहिलंस? अगं, लहान पोर तरी लिहील का असं?

सून: चुकलं माझं.

मुलगा: चुकलं म्हणून भागतंय का? त्या रुग्णालयाने आपलं नाव फसवं टपाल धाडणाऱ्यांच्या काळ्या यादीत बघितलं आणि आपलं पत्र दारातूनच परत पाठवलं. मुलांच्या बुटांचं वर्षाचं काम आहे ते. आज दुपारी बारापर्यंत 'आम्ही करतो' असं लेखी गेलं नाही, तर काम दुसऱ्याला जाणार. घड्याळात बघ. सव्वादहा.

मी: बघितलं. ते घड्याळ मीच टांगलंय तिथं.

मुलगा: मग मी काय म्हणतो ते ऐक. मेल सांभाळणाऱ्या एका कंपनीचा माणूस कोपऱ्यावर येऊन थांबलाय. सही केली की त्यांच्याकडे आपला पत्ता उघडतो, दहा मिनिटांत पत्र जातं. तुझ्या या पेटाऱ्याची वायर ओढू आणि मोकळे होऊ.

मी: वायरला हात लावून बघ.

मुलगा: आई!

मी: अकरा वर्षं आपली पत्रं अशाच एका कंपनीकडे होती ना? तूच नेऊन ठेवली होतीस. एका सकाळी त्यांनी आपलं टपालाचं खोकं बंद केलं. का, तर नियम. कुठला नियम, ते सांगेना कोणी. माणूस फोनवर येईना. डावा पाय उजव्याहून किती आखूड, टाच किती उचलायची, कोणाच्या अंगठ्याला काय लागतं, सगळी मापं त्या पत्रांत. गेली. ती म्हातारी शिक्षिका पुन्हा माप द्यायला दोन गाड्या बदलून आली, तेव्हा तू कुठं होतास? मागच्या खोलीत लपला होतास. तोंड मी दाखवलं.

मुलगा: ही कंपनी वेगळी आहे.

मी: सासरा वेगळा, नवरा वेगळा, तू वेगळा. वेगळं वेगळं म्हणत माझी हाडं झिजली. आमचं टपाल आमच्या घरात राहील. जा, त्या माणसाला सांग, बाई येऊ देत नाही.

मुलगा: मी त्याला घेऊन येतोय. बाराला दहा कमी असताना मी सही करणार. मग तू मला घराबाहेर काढलंस तरी चालेल.

मी: जाताना चामड्याची गुंडाळी आत घे. उन्हात कडक होतेय.

(मुलगा बाहेर जातो.)

मी: तू त्याला सांगितलं का नाहीस?

सून: काय?

मी: वेड पांघरू नकोस. ती ओळ मी लिहायला लावली म्हणून.

सून: हाताने मीच लिहिली ना.

मी: तू तीनदा विचारलं होतंस. 'आई, फक्त आपलंच टपाल ठेवू का?' आणि मी तुझ्यावर खेकसले. म्हटलं, या दुकानात तुझ्या आजेसासऱ्यांपासूनची रीत आहे. कोणी कोणाचंही पुडकं ठेवून जावं, आपण नाही म्हणायचं नाही, ज्याचं त्याला पोचवायचं. समोरचा शिंपी ठेवतो, दवाखान्यातली नर्स ठेवते. आपलं टपाल तेवढं आपल्यापुरतं, हे भिकारपण माझ्या घरात नको, असं म्हटलं होतं मी. हेच शब्द.

सून: 'पुस्तकं वाचून मन आखडतं का गं तुमचं' असंही म्हणाला होतात तुम्ही.

मी: ते लक्षात ठेवलंस वाटतं!

सून: ठेवलं.

मी: बरं केलंस. आता मला हे सांग, रीत वाईट होती का?

सून: नाही, आई. पण दुकानात पुडकं ठेवणारा माणूस समोर उभा असतो. तुम्ही त्याच्याकडे बघता. परवा त्या टोपीवाल्याचं खोकं नाही घेतलंत.

मी: डोळे चोरत होता तो.

सून: या यंत्राला डोळे दिसत नाहीत.

मी: ...हं. एवढं तेव्हा बोलली असतीस तर?

सून: तुम्ही बोलू दिलं असतंत तर बोलले असते.

मी: जीभ फुटली गं तुला. चांगलं आहे. आता काय केलंस ते सांग.

सून: ओळ सकाळीच बदलली. येणारं टपाल कोणाचंही येऊ दे, पण ते आपल्यासाठी असलं तरच घेतो. बाहेर फक्त आपलं जातं, तेही पासवर्ड विचारून. प्रत्येक पत्रावर यंत्राची सही लागते, म्हणजे समोरच्याला कळतं की खरंच आपलंच आहे. रांगेत अडकलेली घाण काढून टाकली. काळ्या यादीवाल्यांना लिहिलंय. ते तपासून नाव काढतील, पण उद्यापर्यंत.

मी: आपल्याला आज हवंय.

सून: रुग्णालयाचा कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस मनात आणेल तर आपल्याला आत्ता आत घेऊ शकतो. पण तो ओळख ना पाळख का घेईल? मी फोन केला होता. 'मेल करा' म्हणाला.

मी: मेल जात नाही म्हणून फोन, तर मेल करा? लाव फोन. माझ्या हातात दे.

सून: काय बोलणार तुम्ही?

मी: चौथीपर्यंत शिकले त्यात जेवढं बोलता येतं तेवढं. लाव.

सून: घ्या. उचललाय.

मी: हॅलो. मी बूट शिवणारी बोलतेय. नाही, ठेवू नका, तुमच्याकडच्या मुलांच्या पायात माझे बूट आहेत. ...हो, तेच, काळ्या यादीतले. ऐका. चूक झालीय. आमच्या सर्व्हरने परक्यांचं टपाल वाहिलं. ...नाही, माझ्या सुनेची चूक नाही. ती नको म्हणत होती. मी म्हातारीने हट्ट केला. तिला येतं, मला येत नाही, तरी मीच दामटलं. ...हो, लिहून घ्या, माझंच नाव लिहून घ्या. ...आता दार लावलंय. तुम्ही ढकलून बघा. ढकला ना! मी धरलाय फोन.

मुलगा: आई, कंपनीच्या साहेबांना घेऊन आलोय, जरा...

मी: गप्प बस. माणूस दार तपासतोय.

मुलगा: कोण माणूस? आणि 'हट्ट केला' हे काय बोलत होतीस तू?

मी: ऐकलंस ना? मग पुन्हा कशाला वदवतोस? बायकोला जे बोललास ते गिळ आता. ...हॅलो? हो. नाही उघडलं? मी म्हटलं नव्हतं? ...मग घ्या आत. नाही, उपकार नको. तपासलंत ना, मग हक्काने घ्या. सूनबाई, तो म्हणतोय आता पाठवा.

सून: काय लिहू?

मी: लिही, 'सगळ्या मुलांचे बूट आम्ही करतो. मापं आमच्याकडे राहतील, हरवणार नाहीत.' मोठ्या अक्षरांत लिही, मला वाचू दे. आणखी मोठं. ...हं. सोड.

सून: सोडलं.

मुलगा: पावणेअकरा. परत नाही आलं अजून.

मी: येणार नाही. तुझ्या साहेबांना बसायला स्टूल दे. उन्हातून आलेत, पाणी दे आणि वाटेला लाव.

सून: आई, एक राहिलं. प्रत्येक सर्व्हरला एक माणूस लागतो. काही बिघडलं, कोणाला त्रास झाला, तर तक्रार ज्याच्याकडे जाते तो. तिथं मी माझा पत्ता घातला होता.

मी: काढ.

मुलगा: माझा घाल मग.

मी: तू मागच्या खोलीत लपशील. माझा घाल.

सून: तुम्हाला वाचून दाखवावं लागेल.

मी: दाखवशील. त्यासाठीच तर अक्षरं मोठी केलीत.

सून: घातला. ...आणि हे बघा, आलीच पहिली. रुग्णालयातूनच आहे.

मुलगा: संपलं! नाकारलं असणार.

मी: तू थांब. वाच गं.

सून: 'पत्र मिळालं, काम तुमचं. तक्रार एकच. अक्षर फार मोठं आहे, पडद्यावर मावत नाही. कृपया लहान करावं.'

मुलगा: करू लहान?

मी: राहू दे. माझ्या नावाने जातंय, मला दिसायला हवं.