बाटलीवरचा काळा कागद

(बाकूमधली एक प्रयोगशाळा. सकाळचे साडेदहा. मिनाया, पन्नाशीची मदतनीस, सगळ्यांची 'खाला' म्हणजे मावशी. सोल्माज, तिथं आगामुसा मुअल्लिमांच्या, म्हणजे सरांच्या, हाताखाली संशोधन करणारी मुलगी.)

मिनाया : घे, साखरेचा आणखी एक खडा घे. मॉस्कोला निघालेल्या बाईंना चहा गोडच हवा.

सोल्माज : टोमणा कळला, मिनाया खाला. पण परिषदेत शोधनिबंध मुअल्लिम वाचणार. मी नुसती मागं बसणार.

मिनाया : वर नाव कुणाचंय?

सोल्माज : त्यांचं... आणि माझं.

मिनाया : आणि अकरा वर्षं दर सोमवारी दंड कुणाचा बांधला? प्रयोगाला रक्त कुणाचं काढलं? तू आलीस आणि आगामुसा मुअल्लिम म्हणाले, 'मिनाया, आता तरुण रक्त घेऊ.' जसं काही माझ्यातून ताकच निघत होतं!

सोल्माज : तुम्हाला चक्कर आली होती म्हणून ते...

मिनाया : एकदा आली. उपाशी होते.

सोल्माज : मग घ्या की तुमची जागा परत. मला तर सुई बघूनच घाम फुटतो.

मिनाया : भीक नको मला. ते राहू दे. एक सांग, तुझं ते नवं शुद्ध केलेलं औषध बुरशीवर कधी घातलंस?

सोल्माज : मंगळवारी. सगळी मेली.

मिनाया : आणि रक्ताच्या पेशींवर?

सोल्माज : शुक्रवारी. नळ्या जवळजवळ स्वच्छ! जुनं औषध पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं. आतला क्षार झिरपतो, पाणी शिरतं, पेशी फुटते, नळी लाल होते. माझं मात्र...

मिनाया : मला नको शिकवू. बुरशीच्या पडद्यात एक चरबी, माणसाच्या पडद्यात तिची बहीण. औषध पहिलीला धरायला येतं आणि दुसरीलाही सोडत नाही. तू शाळेत होतीस तेव्हापासून धुतेय मी या नळ्या.

सोल्माज : माझं दुसरीला सोडतं, खाला. हेच तर नवं आहे!

मिनाया : सोडत नाही.

सोल्माज : कशावरून म्हणता?

मिनाया : बाटलीला काळा कागद का गुंडाळतेस?

सोल्माज : उजेडात हे औषध मरतं म्हणून.

मिनाया : बुधवार-गुरुवार तू शामाखीला लग्नात होतीस. तेव्हा मी तो कागद काढला. बाटली खिडकीत ठेवली, चांगली उन्हात. शुक्रवारी तू यायच्या आधी परत गुंडाळली.

सोल्माज : खाला!

मिनाया : वाटलं, आकडे बिघडतील, मुअल्लिम तुझ्यावर खेकसतील. तेवढंच. तर झालं भलतंच. औषध मेलेलं, म्हणून पेशी वाचल्या, आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले.

सोल्माज : शुक्रवारी परत बुरशीवर घालून बघायला हवं होतं मी. एवढं साधं... थांबा. खाला, मुअल्लिमांनी काल इस्पितळात सांगितलंय, हे सौम्य आहे, दुप्पट द्या. ताज्या बाटल्या नेल्यात त्यांनी. ताज्या!

मिनाया : ठाऊक आहे.

सोल्माज : तिथं लंकरानची ती चहाच्या मळ्यातली बाई आहे, फुप्फुसात बुरशी झालेली. बारा वाजता सलाईनमधून हेच देणार तिला. मूत्रपिंडं जातील तिची!

मिनाया : म्हणूनच तोंड उघडलं. नाहीतर उघडलं असतं होय? कालपासून घास उतरत नाहीये.

सोल्माज : सरका, फोन करू द्या. सांगते, बाटलीला कागद गुंडाळायचा माझ्याकडूनच राहिला.

मिनाया : का म्हणून?

सोल्माज : तुम्हाला काढून टाकतील, खाला. मला फार तर ओरडतील.

मिनाया : वा गं वा! म्हणजे बाईचा जीव वाचवलास तू, म्हातारीला पाठीशी घातलंस तू. उद्या सगळं इस्पितळ तुझीच वाहवा करणार. आण तो फोन इकडे.

सोल्माज : अहो, पण...

मिनाया : हॅलो. डॉक्टरबाई, बाराची सलाईन लावू नका. ते औषध सौम्य नाही... कोण म्हणजे? मिनाया. नळ्या धुते ती... सोल्माज? हो, शेजारीच उभी आहे. पण तिला नाही देत फोन. माझ्याशीच बोला.