शुभेच्छा संदेशापुरती जागा

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावर विराजमान प्रमुख पाहुणे, संस्थेचे सचिव सूर्यभानराव, माझे सहकारी, पालकमंडळी आणि विद्यार्थी मित्रहो,

आज आपण वृषालीबाईंना निरोप देतो आहोत. दोन गोड शब्द बोला, असं मला सचिवांनी सांगितलं आहे. बाईंविषयी गोड बोलायला मला कष्ट नाहीत. बाकीच्यांविषयी प्रयत्न करतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्या शेवगावच्या शाळेत पहिले संगणक आले. मी मराठीचा मास्तर, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण बाईंच्या हाताखाली पोरींनी त्यावर काय काय केलं ते मी पाहिलंय. चांगुणानं तर हुमाणं, म्हणजे कोडी, घालणारा खेळ केला. हुमाणं तिच्या मावशीची, रंगुबाईंची, खुरपताना सांगितलेली. संगणक इंग्रजी अक्षरांत मराठी हुमाण घालायचा आणि उत्तर चुकलं की म्हणायचा, "न्हाई जमलं. परत सांग की." रंगुबाई आता नाहीत, आणि ती हुमाणं दुसरीकडे कुठेही लिहिलेली नाहीत.

यंदा ते संगणक भंगारात निघाले, फ्लॉप्यांना बुरशी चढली. बाईंनी दिवाळीची सुट्टी घालवून त्यांची हुबेहूब प्रत नव्या संगणकात उतरवून घेतली. त्या प्रतीत जुना खेळ जसाच्या तसा चालतो, नवी फाईलही घालता येते. मात्र जुन्या फ्लॉपीत जेवढी जागा, तेवढीच प्रतीत. पत्र्याची ट्रंक नवी करून घेतली तरी मापाला तीच, असं बाईंनी मला समजावलं.

रौप्यमहोत्सवात ही प्रत पाहुण्यांना दाखवायचं ठरलं आणि सूर्यभानरावांच्या लक्षात आलं, की तीत अध्यक्षांचा शुभेच्छा संदेश नाही. तोही फोटोसकट हवा! आपल्याकडे वार्षिक अंक असो की पाण्याची टाकी, संदेशावाचून काही उघडत नाही. आता फ्लॉपीही उघडेना. बाई म्हणाल्या, हीत जागा नाही, संदेश वेगळ्या फ्लॉपीत देते. वेगळ्या फ्लॉपीत कोण बघणार, म्हणे! मग सचिवांनी नेमकं बोट ठेवलं ते चांगुणाच्या खेळावर. "ते अशुद्ध बोलणं काढून टाका. पाहुण्यांसमोर शोभतं का?"

अशुद्ध? मंडळी, या शाळेत व्याकरण मी शिकवतो. शुद्ध काय नि अशुद्ध काय, हे मला विचारायचं होतं. आपल्या आया ज्या भाषेत आपल्याला जेवू घालतात, ती पाहुण्यांसमोर शोभत नाही? मला याचा संताप येतो, आणि तो इथे उभं राहून सांगायला मला संकोच वाटत नाही.

बाईंनी खेळ काढायला नकार दिला. पंधरवड्यात बदलीचा आदेश आला. भंडारदऱ्याच्या शाखेत, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आदेशात कारण लिहिलंय, "विनंतीवरून". कोणाच्या विनंतीवरून? बाईंची आई इथे अंथरुणाला खिळलेली आहे, हे गावात कोणाला माहीत नाही?

काल मी संगणकाच्या खोलीत गेलो. बाईंनी प्रत चालू केली. अध्यक्ष महाराज, पहिल्यांदा आपण दिसलात, फोटोसकट. मी बाईंवरच उखडलो, शेवटी हार मानलीत ना? त्यांनी एक बटण दाबलं. पडद्यावर आलं, "जाताना कोरडा, येताना रडका, आडाचा लाडका. सांग कोण?" उत्तर पोहरा, हे मला ठाऊक होतं. तरी मी मुद्दाम चुकीचं लिहिलं. संगणक म्हणाला, "न्हाई जमलं. परत सांग की."

मग संदेशाला जागा झाली कुठून? त्या प्रतीत बाईंचं स्वतःचं एक सचित्र पान होतं, हा संग्रह कोणी आणि कसा जमवला ते सांगणारं. ते त्यांनी काढलं. आदेश हातात पडल्यावर काढलं, कारण त्या गेल्यावर संदेशाला जागा करायला कोणीतरी खेळच पुसून टाकील, ही त्यांना भीती. आता प्रतीत सगळ्या पोरींची नावं आहेत, आपलंही नाव आहे, अध्यक्ष महाराज. वृषालीबाईंचं तेवढं नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्याच्या भरात कोणाला काही लागलं असेल, तर ते मनातून खोडून टाका आणि मला क्षमा करा. पण त्याआधी सचिव महोदय, तो आदेश रद्द करा. तेवढं जमत नसेल, तर निदान त्यातलं "विनंतीवरून" खोडा. खोडायला जागा लागत नाही.