कागदावरची बरी

उल्हासनगर स्टेशनबाहेर कॅम्प दोनच्या शेअर रिक्षाला मोठी रांग होती. माझ्यापुढे साठीची एक बाई आणि तिचा मुलगा. हॉस्पिटलची फाईल छातीशी धरून तो खुशीत बोलत होता.

“आई, डॉक्टर काय बोलले ऐकलंस ना? डिप्रेशनवरच्या केटामाइन औषधाच्या ट्रायलमध्ये तुझा रिझल्ट सगळ्यात भारी.”

“ऐकलं.”

“सहा ड्रिपमध्ये नऊ वर्षांचं दुखणं गेलं. फाईलवर ‘बरी झाली’ लिहिलंय.”

“नाही गेलं, प्रमोद.”

“म्हणजे?”

“पहिल्या ड्रिपनंतर चार दिवस गेलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी उठले तर परत तेच. पुढच्या ड्रिपांनी काही फरकच पडला नाही.”

“मग दर आठवड्याला हॉस्पिटलचा फॉर्म भरताना ‘बरं वाटतं’ असं का सांगितलंस?”

“तू शेजारी बसायचास ना. त्या चार दिवसांत तू किती हसलास. परत तुझं उतरलेलं तोंड मला बघवलं नसतं.”

“चल, आत्ताच परत जाऊन सांगू.”

“सांगून काय होणार? ट्रायल तर संपली.”

“अगं आई…”

“त्या चार दिवसांत तुझ्या बाबांची आठवण येऊन मी रडले होते. पोटभर रडले. किती बरं वाटलं होतं रे.”

“आणि आता?”

“आता त्यांचा फोटो पुसते, हार घालते. रडू नाही, काहीच येत नाही.”